बंट शिकवताना: बोटं, भीती आणि गोल बॅट

या भागात मी बराच वेळ बॅट हातात घेऊन बोलत होतो, त्यामुळे ऐकणाऱ्यांना अधूनमधून नुसतं ठक-ठक ऐकू आलं असेल. म्हणून ही लेखी आवृत्ती जरा नीट करून देतोय.

विषय आहे बंट. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये बॅट न फिरवता, आडवी धरून, चेंडू होम प्लेटपुढे हलकेच पाडायचा तो बंट. महिलांच्या खेळात पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते आणि दोन बेसमधलं अंतर ६० फूट असतं. मैदान एवढं छोटं असल्यामुळे तीन-चार पावलांवर मेलेला चेंडूसुद्धा उचलून फेकेपर्यंत रनर पुढच्या बेसवर पोचते. बेसबॉलपेक्षा इथे बंटला जास्त भाव आहे, तो या भूमितीमुळे.

आता शिकवायचं कसं? रविवारी सकाळी माझ्याकडे ज्या मुली येतात, त्या सगळ्या गल्ली क्रिकेटमधून आलेल्या. याचा फायदाही आहे आणि तोटाही. फायदा म्हणजे 'हात सैल सोडून डिफेन्स कर' म्हटलं की त्यांना लगेच कळतं. तोटा असा की क्रिकेटची बॅट सपाट असते. चेंडू थोडा वर-खाली लागला तरी तो गुमान खाली पडतो. सॉफ्टबॉलची बॅट गोल, जाडीला जास्तीत जास्त सव्वादोन इंच, आणि १२ इंची घेराच्या चेंडूचा व्यास पावणेचार इंचांच्या आसपास. गोलावर गोल! बॅट चेंडूच्या मध्याच्या थोडी खाली लागली की चेंडू वर उडतो आणि सोपा झेल जातो. त्यात बेसवरची रनर निघालेली असेल तर एका चेंडूत दोघी आऊट. म्हणून पहिला नियम: बॅट स्ट्राइक झोनच्या वरच्या कडेला धरायची, तिचं टोक मुठीपेक्षा किंचित वर. त्याच्याही वर येणारा चेंडू बॉलच असणार, तो सोडून द्यायचा. खाली येणाऱ्या चेंडूसाठी गुडघे वाकवायचे, बॅट खाली टाकायची नाही. नवख्या मुली नेमकं उलटं करतात, हात खाली ढकलतात, टोक पडतं आणि चेंडू हवेत.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट बोटांची. वरचा हात बॅटच्या जाड भागाकडे सरकवायचा, पण मूठ आवळायची नाही. अंगठा आणि वाकवलेली तर्जनी यांच्या चिमटीत बॅट धरायची, बाकीची बोटं मागे दुमडलेली. पिचरला समोरून एकही बोट दिसता कामा नये. मी खरोखर पिचरच्या जागी जाऊन उभा राहतो आणि 'बोट दिसतंय' म्हणून ओरडतो. एकदा बोटावर चेंडू बसला की ती मुलगी पुढचे कित्येक आठवडे बॅट पुढे करताना मान फिरवते, आणि ती सवय मोडणं महाकठीण. फेसगार्डवालं हेल्मेट तर पाहिजेच. पाचच असतील तर पाचच मुली बंट करतील, बाकीच्या फिल्डिंग.

भीतीला नुसतं 'घाबरू नकोस' म्हणून भागत नाही. ताशी ८० किलोमीटरचा चेंडू ४३ फूट जेमतेम ०.६ सेकंदात कापतो, घाबरणं अगदी रास्त आहे. त्यामुळे माझा क्रम असा असतो. आधी बॅट नाहीच. वरच्या हातात ग्लोव्ह घालून, बंटच्या पवित्र्यात उभं राहून चेंडू झेलायचा. मग बॅट, पण टेनिस बॉल आणि जवळून अंडरआर्म. मग खरा चेंडू हळू, आणि शेवटी पिचर. आपण सॉफ्टवेअरवाले एक बदल केला की एकदा चालवून बघतो, दहा बदल एकदम करत नाही, तसंच. ग्लोव्हच्या सरावातून एक गोष्ट आपोआप कळते: चेंडू लागताना हात किंचित मागे येतात. बंटचा जीव त्यात आहे. बॅट पुढे ढकलली की चेंडू थेट पिचरच्या हातात.

पाय कसे ठेवायचे यावर प्रशिक्षकांमध्ये मतभेद आहेत. काही जण दोन्ही पाय पिचरकडे वळवायला सांगतात. मी लहान मुलींना पाय जागेवर ठेवून फक्त चवड्यांवर वळायला शिकवतो. वेळ कमी लागतो, अंग पूर्ण उघडं पडत नाही, आणि पाऊल बॉक्सबाहेर जात नाही. पाऊल पूर्ण रेषेबाहेर टेकलेलं असताना चेंडू बॅटला लागला तर आऊट देतात. बॉक्सच्या पुढच्या भागात उभं राहा, म्हणजे चेंडू फाउल जाण्याची शक्यता घटते. दोन स्ट्राइक झाल्यावर बंट फाउल गेला तर बॅटर आऊट, म्हणून तेव्हा बंटचा इशारा मी सहसा देत नाही.

दिशा खालच्या हाताने ठरते. मुठीकडचं टोक थोडं पुढे-मागे केलं की बॅटचा कोन बदलतो. मैदानावर दोन्ही रेषांच्या आत सायकलचे जुने टायर टाकतो आणि त्यात चेंडू थांबवायला सांगतो. कॅचरच्या झडपेपलीकडे, पण धावत येणाऱ्या फर्स्ट आणि थर्ड बेसवालीच्या अलीकडे. टायर आले की मुली तासभर कंटाळत नाहीत, हेही एक.

शेवटी एका पालकांचा प्रश्न: 'सर, आमची बारीक आहे, तिला बंटच शिकवा.' नको. सॅक्रिफाइस बंट म्हणजे स्वतः आऊट होऊन दुसरीला पुढे ढकलणं, आणि ११ वर्षांच्या मुलीकडून दर सामन्यात तेवढंच मागितलं तर तिला वाटतं, आपल्याला मारता येत नाही म्हणून हे काम दिलंय. माझ्याकडे बंट सगळ्यांना करावा लागतो, सगळ्यात जोरात मारणारीलासुद्धा, आणि बारीक मुलीला पूर्ण स्विंगचा सराव तेवढाच मिळतो. रनर पुढे सरकली की स्कोअरबुकात मी बंट करणारीच्या नावापुढे लाल पेनाने खूण करतो. सामना संपल्यावर मुली धावा मोजतात तशा त्या लाल खुणाही मोजतात.

स्लॅप राहिला. त्यात डाव्या हाताने खेळणारी बॅटर धावता धावता चेंडू टोलवते, त्यामुळे पायांचं सगळं गणितच वेगळं आहे. पुढच्या भागात.