मेगर मारून पाहिला का?

सोयाबीन घरी आलं, हरभरा पेरून झाला, की मंगरूळपीर तालुक्यात विहिरींवरच्या आणि बोअरच्या मोटारी पुन्हा सुरू होतात. पावसाळाभर त्या बहुतेक बंदच असतात. या काळात स्टार्टरच्या पेटीत ओल साचते, केबलच्या जोडात पाणी शिरतं, उंदीर वायर कुरतडतात आणि वाइंडिंगमध्ये दमटपणा मुरतो. मग कार्तिकातल्या एखाद्या रात्री थ्री-फेज लाइन येते, शेतकरी बटण दाबतो, मोटार क्षणभर घुमते आणि जळका वास येतो. शेतीची लाइन दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशा पाळीने मिळत आली, त्यामुळे हे पुष्कळदा अंधारातच घडतं. सकाळी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाते आणि ओलिताची पाळी हुकते.

यातल्या कितीतरी मोटारी वाचू शकतात. अट एवढीच, की बटण दाबण्याआधी कोणीतरी मेगर मारून पाहिला पाहिजे.

मेगर म्हणजे इन्सुलेशन टेस्टर. तांब्याच्या तारेवरचं वेष्टण किती शाबूत आहे, हे तो मेगाओममध्ये सांगतो. हे काम साध्या मल्टिमीटरचं नाही, कारण तो ओमच्या रेंजवर जेमतेम काही व्होल्ट देतो आणि तेवढ्या दाबाला ओलं वेष्टणही दाद देत नाही. आपल्याकडे अजून बरीच भिस्त सीरिज लॅम्पवर असते. तार बॉडीला लावायची, दिवा पेटला तर शॉर्ट, नाही पेटला तर मोटार चांगली! पण शंभर वॅटचा दिवा नुसता लालसर दिसायलाही बराच करंट लागतो. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात दहा हजार ओम उरले असतील, तर 230 व्होल्टला 23 मिलिअँपिअर गळती होते. ओल्या जमिनीत अनवाणी उभ्या माणसाच्या जिवावर बेतायला ती पुरेशी आहे, पण दिवा मात्र पेटत नाही. सीरिज लॅम्पवर पास झालेली मोटार म्हणूनच मला सुरक्षित वाटत नाही.

मेगर मोटारीला 500 व्होल्टचा डीसी दाब देतो. एक मेगाओम असेल तर 230 व्होल्टला गळती होते पाव मिलिअँपिअरहूनही कमी. लो व्होल्टेजच्या जोडणीला एक मिनिट 500 व्होल्ट डीसी देऊन निदान एक मेगाओम मिळायला हवा, हा आपल्याकडच्या नियमांतला जुना दंडक याच हिशेबात बसतो. पण हा झाला किमान आकडा. एक हजार व्होल्टखालच्या नेहमीच्या मोटारींसाठी आयईईईचं 43 क्रमांकाचं मानक पाच मेगाओमची अपेक्षा ठेवतं, तेही वाइंडिंगचं तापमान 40 अंश धरून. वाइंडिंग दहा अंशांनी तापलं की हा रोध साधारण निम्मा होतो. विदर्भात हे विसरून चालत नाही. मे महिन्याच्या दुपारी 40 अंशांना वीस मेगाओम दाखवणारी मोटार थंडीच्या पहाटे 20 अंशांना ऐंशी दाखवू शकते. म्हणजे मोटार सुधारली असं नव्हे. वहीत रीडिंगशेजारी तारीख आणि तापमान लिहिलं तरच पुढच्या वर्षी त्या आकड्याला अर्थ राहतो.

हे यंत्र घडवलं लंडनच्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स या कंपनीने. सिडनी एव्हरशेडचं या विषयावरचं पेटंट 1889 चं, आणि मेगर हा ट्रेडमार्क नोंदवला गेला 1903 मध्ये. हाताने फिरवायचं छोटं जनित्र आणि रोध दाखवणारा काटा एकाच पेटीत बसवल्यामुळे बॅटरी नाही, लाइन नाही अशा ठिकाणीही तपासणी करता येऊ लागली. सव्वाशे वर्षांनंतरही हातमेगर शेतावर तितकाच उपयोगी आहे, ते याच गुणामुळे.

त्याच्या आतली रचना बघण्यासारखी आहे. कायम चुंबकाच्या क्षेत्रात एकमेकींशी कोन करून दोन कॉइल्स बसवलेल्या असतात. एकीत जनित्राच्या दाबाप्रमाणे करंट वाहतो, दुसरीत तपासायच्या वाइंडिंगमधून येणारा. काटा थांबतो तो या दोन करंटच्या गुणोत्तरावर, त्यामुळे हँडल थोडं हळू-जोरात फिरलं तरी रीडिंग फारसं हलत नाही. बऱ्याच मेगरांमध्ये ठरावीक वेगानंतर सरकणारा क्लच असतो. मिनिटाला साधारण 160 फेऱ्यांना तो सुटल्याचं हाताला कळतं आणि दाब स्थिर होतो. काट्याला मागे ओढणारी केसस्प्रिंग नसते, म्हणून मेगर बंद असताना काटा कुठेही रेंगाळलेला दिसतो. जुन्या बाजारात हे पाहून लोक चांगला मेगर खराब समजून परत ठेवतात.

बोअरच्या मोटारीसाठी मेगरचं मोल सर्वांत जास्त. मोटार बिघडल्याची शंका आली की चेनपुली लावून, चार माणसं बोलावून सगळा पाइप वर ओढायचा, ही रीत. त्याआधी मेन स्विच काढून, लाइन खरंच बंद असल्याची खात्री करून, स्टार्टरमधून मोटारीच्या तिन्ही तारा सोडवाव्यात. मेगरची एक चिमटी अर्थला, दुसरी मोटारीच्या तारेला. एक मिनिट हँडल फिरवायचं आणि आकडा लिहायचा. केसिंग वा पाइप लोखंडी असेल तर तोच अर्थ म्हणून चालतो. एचडीपीई पाइप असेल तर चांगला अर्थिंग रॉड लागतो. आकडा भरपूर आला, तर दोष वरच्या स्टार्टरमध्ये किंवा लाइनमध्ये शोधायचा आणि मोटार आहे तिथेच राहू द्यायची. आकडा शून्याला टेकला, तर आधी वरचा केबलचा जोड तोडून पुन्हा मोजायचं, कारण पुष्कळदा पाणी तिथेच शिरलेलं असतं.

आता विकत घेण्याचं. नवीन वायरमन जुन्या मेगरकडे वळतो, त्याचं कारण किंमत. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, बंद पडलेल्या जिनिंगच्या आणि गिरण्यांच्या भंगारात जुने हातमेगर मिळतात. वाको हे नाव जुन्या लोकांना तोंडपाठ असतं. असा मेगर घ्यायला हरकत नाही, पण तपासल्याशिवाय मुळीच नाही. चिमट्या मोकळ्या ठेवून हँडल फिरवा, काटा अनंतावर जायला हवा. चिमट्या जोडून अगदी हळू फिरवा, काटा शून्यावर यायला हवा. इथपर्यंत बहुतेक विक्रेते दाखवतात.

पण ही दोन टोकं बरोबर आली तरी मधलं माप चुकीचं असू शकतं. मेगर पडला असेल, चुंबक अशक्त झाला असेल, आत ओल असेल, तर बिघाड नेमका मध्येच लपतो. म्हणून शंभर किलोओमचे दहा रेझिस्टर एकापुढे एक जोडून सोबत न्या. एकूण एक मेगाओम होतो आणि 500 व्होल्ट दहा जणांत वाटले गेल्याने एकाही रेझिस्टरवर ताण येत नाही. मेगरने एकच्या आसपास दाखवलं पाहिजे. मग चांगला डिजिटल मल्टिमीटर 1000 व्होल्ट डीसीच्या रेंजवर ठेवून थेट मेगरला जोडा. बहुतेक डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध दहा मेगाओम असतो. मल्टिमीटरवर व्होल्ट दिसतील आणि मेगरवर दहा मेगाओम. दोन्ही आकडे पटले तर मेगर खरा. शिवाय वायरींचं रबर तडकलेलं असेल तर त्या फेकून नव्या लावा, नाहीतर तुम्ही मोटारीऐवजी मेगरचीच गळती मोजत बसाल.

नवीन डिजिटल टेस्टर घ्यायचा तर बॅटरीवर चालणारा, 250, 500 आणि 1000 व्होल्ट अशा तीन रेंजचा पुरे. 2500 आणि 5000 व्होल्टचे टेस्टर हाय टेन्शनच्या कामाचे. घरगुती वायरिंगला ते लावू नयेत. मोटवाने आणि ऋषभ यांच्यासारखे उपकरणांचे कारखाने आपल्याच नाशकात आहेत, त्यामुळे दुरुस्तीसाठी कोणाला गाठायचं हा प्रश्न पडत नाही. नावगाव नसलेल्या स्वस्त टेस्टरची फसवणूक भार पडल्यावर कळते. आयईसीच्या 61557 मानकानुसार टेस्टरने ठरलेला दाब टिकवून निदान एक मिलिअँपिअर द्यायला हवा. हलका टेस्टर मोकळा असताना 500 दाखवतो आणि ओल्या वाइंडिंगला लावला की दाब कोसळतो. वरची दहा रेझिस्टरची माळ आणि मल्टिमीटर एकत्र जोडले, की हे दुकानातच उघडं पडतं: रीडिंग साधारण 0.9 मेगाओम आलं पाहिजे आणि व्होल्ट 500 च्या खाली घसरता कामा नयेत.

सौर पंपांचं प्रमाण वाढतं आहे, म्हणून एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. पंपाचा कंट्रोलर सोडवल्याशिवाय मेगर लावू नका. आतलं इलेक्ट्रॉनिक्स 500 व्होल्टला टिकत नाही. पॅनेल तर ऊन आहे तोवर जिवंतच असतात, त्यांची तपासणी जाणत्याकडूनच व्हावी. आणि कुठलीही लांब केबल मोजून झाली की ती अर्थला टेकवून रिकामी करा, कारण तिच्यात भरलेला दाब झटका देतो.

रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्याने नवीन, नामांकित डिजिटल टेस्टर घ्यावा आणि ठरावीक काळाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून त्याचं कॅलिब्रेशन करून घ्यावं, असं माझं मत आहे. शेतावर फिरणाऱ्या वायरमनला तपासून घेतलेला जुना हातमेगर पुरेसा आहे. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक घेतला तरी तो अनेक हंगाम पुरेल. आणि मोटार भरून घेताना शेतकऱ्याने बिलावर तीन गोष्टी लिहून मागाव्यात: किती व्होल्टवर मोजलं, किती मेगाओम आले, आणि त्या दिवशीचं तापमान. दुकानदाराला हे लिहायला अर्धं मिनिट लागतं. जो लिहून देईल, त्याच्याकडेच मोटार द्या.