मूल्य वीस, भाव सोळा

मुदतबंद, म्हणजेच क्लोज्ड एंडेड म्युच्युअल फंड योजनेत गुंतवणूकदारांकडून पैसे एकदाच घेतले जातात. नव्या योजनेची विक्री, म्हणजे एनएफओ, काही दिवस खुली राहते आणि बहुधा दहा रुपये दराने युनिट विकले जाते. मग दार बंद होते आणि जमलेला पैसा मुदत संपेपर्यंत व्यवस्थापकाच्या हाती राहतो. मधेच कोणाला पैसे लागले तरी फंड घराणे युनिट परत घेत नाही. युनिटची शेअर बाजारात नोंदणी असते. तिथे घेणारा गाठायचा आणि तो देईल त्या भावात विकायचे. ओपन एंडेड योजनेत रोजच्या एनएव्हीने, म्हणजे युनिटमागच्या निव्वळ मालमत्ता मूल्याने, युनिट घेता येते आणि परतही करता येते, त्यामुळे एक्झिट लोड (बाहेर पडतानाचे शुल्क) सोडला तर मूल्य आणि मिळणारी रक्कम यांत अंतर पडत नाही. मुदतबंद योजनेत ते पडते. तिच्याकडच्या शेअर-रोख्यांची देणी वजा जाता दर युनिटमागे किंमत 20 रुपये असेल आणि बाजारात युनिट 16 रुपयांना मिळत असेल, तर ते 20 टक्के डिस्काउंटवर आहे असे म्हणतात. भाव 22 असेल तर 10 टक्के प्रीमियम. या फंडातली गुंतवणूक हा मुळात या दोन आकड्यांमधल्या अंतराचा व्यवहार आहे, आणि विक्रीच्या माहितीपत्रकात नेमके तेच कोपऱ्यात असते.

ही रचना ओपन एंडेड योजनेहून जुनी आहे. लंडनमध्ये 1868 साली सुरू झालेला फॉरिन अँड कलोनियल गव्हर्नमेंट ट्रस्ट आजही चालू आहे. अमेरिकेत या फंडांना भरते आले ते 1920 च्या दशकात. डिसेंबर 1928 मध्ये गोल्डमन सॅक्स ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा शेअर 104 डॉलरला लोकांना मिळाला आणि थोड्याच दिवसांत त्यामागच्या मालमत्तेच्या कितीतरी वर गेला. या ट्रस्टने दुसरे ट्रस्ट काढले, त्यांनी आणखी तिसरे, आणि एकमेकांचे शेअर धरून डोलारा उभा राहिला. 1929 च्या पडझडीनंतर गोल्डमनचा तो शेअर पावणेदोन डॉलरपर्यंत घसरला. पुढे 1940 च्या कायद्याने अशा फंडांच्या कर्जाला लगाम घातला: कर्ज काढायचे तर एका डॉलरमागे किमान तीन डॉलरची मालमत्ता हवी.

भारतात मुदतबंद समभाग योजनेची सुरुवात युनिट ट्रस्टच्या मास्टरशेअरने, ऑक्टोबर 1986 मध्ये झाली. शेअरप्रमाणे बाजारात नोंदलेली, लाभांश आणि बोनस देणारी ही योजना मध्यमवर्गाला पसंत पडली. पण मुदतबंद फंड म्हणजे काय याचा खरा धडा मिळाला तो जानेवारी 1994 मध्ये, मॉर्गन स्टॅन्ले ग्रोथ फंडाच्या वेळी. परदेशी घराण्याचे नाव, 15 वर्षांची मुदत, दहा रुपयांचे युनिट. हर्षद मेहता प्रकरणाच्या धक्क्यातून बाजार सावरून पुन्हा तेजीत आला होता. अर्जांसाठी झुंबड उडाली, अर्ज पैसे मोजून विकले गेले आणि नोंदणीआधीच अनधिकृत बाजारात युनिटवर प्रीमियम बोलला जाऊ लागला. कोलकात्यातल्या एका इच्छुकाने विक्री थांबवावी म्हणून ग्राहक मंचाकडे धाव घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे 1994 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की वाटप होण्यापूर्वी असा अर्जदार 'ग्राहक' ठरत नाही.

रांगेत उभ्या असलेल्यांची समजूत साधी होती: कंपनीच्या नव्या शेअरसारखे हेही नोंदणीच्या दिवशी वर उघडेल. हिशेब केला असता तर ती टिकली नसती. नव्या कंपनीच्या शेअरमागे कारखाना, धंदा, पुढचा नफा यांचा अंदाज असतो आणि तो चुकीने कमी लावलेला असू शकतो. नव्या फंडाच्या दहा रुपयांमागे मात्र दहा रुपये रोख असतात, तेही विक्रीचा खर्च वजा जाऊन. साडेनऊ रुपयांच्या नोटांना पंधरा रुपये कोण देणार? मॉर्गन स्टॅन्लेच्या या फंडाचे युनिट पुढे कित्येक वर्षे एनएव्हीच्या बरेच खाली, काही काळ दहा रुपयांच्याही खाली रेंगाळले. 2009 मध्ये मुदत संपून योजना ओपन एंडेड झाली, तेव्हा कुठे उरलेल्यांना पूर्ण एनएव्हीने बाहेर पडता आले.

डिस्काउंट का पडतो, हा वित्तशास्त्रातला जुना वाद आहे. सामाईक वाड्यातल्या हिश्शाला कागदावरच्या किमतीएवढे गिऱ्हाईक मिळत नाही, तसा काहीसा हा प्रकार असला तरी त्यातला काही भाग निव्वळ अंकगणिताचा आहे. फंड दरवर्षी 2 टक्के खर्च कापून घेत असेल आणि मुदतीला दहा वर्षे असतील, तर आजच्या 100 रुपयांतले सुमारे 18 रुपये त्या खर्चातच जायचे आहेत. व्यवस्थापक ते भरून काढेल अशी खात्री नसेल, तर ग्राहकाने 82 रुपये देऊ करणे यात वावगे काही नाही. म्हणजे 18 टक्के डिस्काउंट दिसला की माल स्वस्त मिळतो आहे असे लगेच समजू नये. दुसरे कारण विक्रीची अडचण: रोज शे-दोनशे युनिटांचीच उलाढाल होत असेल तर घेणारा त्या जोखमीची किंमत कापतो. उरलेला भाग मनोवृत्तीचा. चार्ल्स ली, आंद्रेई श्लायफर आणि रिचर्ड थेलर यांनी 1991 मधल्या शोधनिबंधात दाखवले की वेगवेगळ्या फंडांचे डिस्काउंट एकत्रच वाढतात आणि एकत्रच घटतात. त्यांच्या मते हा छोट्या गुंतवणूकदारांच्या आशा-निराशेचा लंबक आहे.

थेलर यांनी पुढे सांगितलेले एक उदाहरण तर विनोदीच आहे. अमेरिकेच्या बाजारात हर्झफेल्ड कॅरिबियन बेसिन नावाचा मुदतबंद फंड होता. त्याचे बाजारातले संक्षिप्त नाव 'क्युबा'. क्युबाशी व्यापारावर बंदी असल्याने त्याच्याकडे क्युबातली गुंतवणूक नव्हतीच. एरवी तो 10 ते 15 टक्के डिस्काउंटवर असे. डिसेंबर 2014 मध्ये ओबामा यांनी क्युबाशी संबंध सुधारण्याची घोषणा केली आणि फंडाचा भाव एकाएकी 70 टक्के प्रीमियमवर गेला. काल 90 डॉलरला मिळणाऱ्या 100 डॉलरच्या मालमत्तेला लोक आज 170 डॉलर मोजत होते. तो प्रीमियम पुढे विरून गेला, हे सांगायला नकोच.

बंद दाराचा फायदाही आहे. लोक घाबरून पैसे काढू लागले की ओपन एंडेड योजनेला रोखे मिळेल त्या भावात विकावे लागतात. 23 एप्रिल 2020 रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा कर्जरोखे योजना गुंडाळायला घेतल्या, त्या याच ओढाताणीतून. मुदतबंद योजनेच्या व्यवस्थापकाला ही चिंता नसते. तो लहान कंपन्यांचे किंवा सहज न विकले जाणारे कागद निवांत धरू शकतो. पण या सवलतीला अर्थ येतो तो मुदत लांब असेल तर. भारतात निघालेल्या बहुतेक मुदतबंद समभाग योजना तीन ते पाच वर्षांच्या होत्या, आणि एवढ्या काळासाठी ओपन एंडेड योजनेत पैसे घालून हात न लावणे कोणालाही जमण्यासारखे होते.

मग त्या एवढ्या का निघाल्या, याचे उत्तर नियमांच्या इतिहासात सापडते. एप्रिल 2006 मध्ये बाजार नियामक सेबीने ओपन एंडेड योजनांना विक्रीचा प्रारंभिक खर्च योजनेवर टाकण्यास मनाई केली; मुदतबंद योजनांना मात्र 6 टक्क्यांपर्यंत तो टाकता येत राहिला. लगेच मुदतबंद एनएफओंची रीघ लागली. जानेवारी 2008 मध्ये ती वाट बंद झाली. पुढे 2013 ते 2015 या तेजीत वितरकांना एकरकमी आगाऊ कमिशन देऊन पुन्हा तोच हंगाम आला, कारण पैसा तीन वर्षे हलणार नसल्याने घराण्याला पुढच्या वर्षांची फी आजच वाटून देता येत होती. 2018 मध्ये सेबीने आगाऊ कमिशनच थांबवले आणि मुदतबंद समभाग योजनांच्या वार्षिक खर्चाला 1.25 टक्क्यांची मर्यादा घातली. त्यानंतर अशा नव्या योजना जवळजवळ आटल्या. योजना गुंतवणूकदाराच्या सोयीची असती तर कमिशन गेल्यावरही ती विकली गेली असती.

मुदतबंद प्रकारातला जो भाग भारतात खरोखर रुजला तो एफएमपी, फिक्स्ड मॅच्युरिटी प्लॅन. योजनेची मुदत आणि तिच्याकडच्या रोख्यांची मुदत जुळवली की व्याजदर मधे कितीही हलले तरी शेवटी मिळणारी रक्कम फारशी बदलत नाही. हा विचार पक्का होता, पण गिऱ्हाईक मुख्यतः करासाठी येत असे. मार्च अखेरीस घेतलेली वर्षाहून जरा जास्त मुदतीची योजना दोन आर्थिक वर्षांच्या महागाई निर्देशांकाचा लाभ मिळवून देई आणि बँकेच्या ठेवीपेक्षा हातात जास्त उरे. 2014 च्या अर्थसंकल्पाने दीर्घ मुदतीची अट 36 महिन्यांवर नेली, तेव्हा घराण्यांनी चालू एफएमपींची मुदत वाढवून देऊ केली. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या कर्जरोखे फंडांवरचा नफा सरळ उत्पन्नात मिळवला जातो, आणि एफएमपीचे करातले आकर्षण तिथेच संपले.

एफएमपीला 'फिक्स्ड' म्हटल्याने तिचा परतावा निश्चित होत नाही, हेही दोनदा दिसले. 2008 पर्यंत एफएमपीतून थोडा लोड भरून मधेच बाहेर पडता येई. लेहमन ब्रदर्स कोसळल्यावर सगळेच एकदम बाहेर पडू लागले. बांधकाम व वित्त कंपन्यांचे कागद घ्यायला कोणी नव्हते. रिझर्व्ह बँकेला ऑक्टोबरमध्ये म्युच्युअल फंडांसाठी 20,000 कोटी रुपयांची खास खिडकी उघडावी लागली. त्याच डिसेंबरमध्ये सेबीने मधली परतफेड बंद करून मुदतबंद योजनांची बाजारात नोंदणी सक्तीची केली (करबचतीच्या ईएलएसएसला यातून वगळले) आणि योजनेच्या मुदतीपलीकडे जाणारे रोखे घेण्यास मनाई केली. दुसरी वेळ एप्रिल 2019 ची. एस्सेल समूहाच्या प्रवर्तक कंपन्यांचे पैसे वेळेत न आल्याने कोटकच्या काही एफएमपींनी मुदत संपताना रक्कम पूर्ण दिली नाही, तर एचडीएफसीने एका योजनेची मुदत वाढवण्याचा पर्याय दिला.

एनएफओत दहा रुपयांना युनिट घेणे हा मुदतबंद फंडात शिरण्याचा सर्वांत महाग मार्ग ठरतो, कारण पुढे डिस्काउंट पडणार असेल तर तो पहिल्या खरेदीदाराच्या खिशातून पडतो. घ्यायचेच असेल तर नोंदणीनंतर, डिस्काउंटवर आणि मुदत जवळ आलेली पाहून. समजा एनएव्ही 20 रुपये, भाव 17 आणि मुदतीला एक वर्ष आहे. मुदत संपताना पैसे एनएव्हीने मिळतात, म्हणून एनएव्ही तिथेच राहिली तरी 17 वर 3 रुपये, म्हणजे साडेसतरा टक्क्यांच्या वर सुटतात. ती 15 टक्के घसरली तरी मुद्दल वाचते. तेच पाच वर्षे बाकी असतील तर हा फायदा वर्षाला जेमतेम सव्वातीन टक्के उरतो. अडचण अशी की मुंबई शेअर बाजाराच्या किंवा एनएसईच्या पडद्यावर या युनिटचे सौदे कित्येक दिवस होतच नाहीत, आणि एफएमपीचे तर क्वचितच. डिमॅट खाते लागते, बाजारभावाने ऑर्डर टाकणे धोक्याचे असते आणि शेवटच्या सौद्याचा भाव महिन्यापूर्वीचा असू शकतो.

भारतात राहून अमेरिकेतले मुदतबंद फंड घेणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. तिथे असे शेकडो फंड आहेत, उलाढाल बरी असते आणि अनेक फंड दरमहा किंवा दर तिमाहीला घसघशीत रक्कम वाटतात. ती सगळी कमाई नसते: काही वेळा गुंतवणूकदाराचे मुद्दलच परत दिलेले असते, आणि उत्पन्न फुगवण्यासाठी फंडाने कर्जही काढलेले असते. शिवाय लाभांशावर भारतीय रहिवाशाचा 25 टक्के कर तिथेच कापला जातो, जो इथल्या विवरणपत्रात वळता करून घ्यावा लागतो.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाची गोष्ट उलटी आहे. त्यांनी भारतातल्या म्युच्युअल फंडात पैसे ठेवले तर अमेरिकी कायदा त्याला 'पॅसिव्ह फॉरिन इन्व्हेस्टमेंट कंपनी' समजतो, आणि फॉर्म 8621 सोबत जाचक कर आकारणी मागे लागते. न्यूयॉर्क शेअर बाजारात 1994 पासून नोंदलेला इंडिया फंड हा मुदतबंद फंड तिथलाच असल्याने भारतीय शेअरमध्ये पैसे असूनही त्याला हा नियम लागू होत नाही.