मेलेल्या बापाचा आवाज

नोव्हेंबर 2024 मध्ये ओपेथ या मेटल बँडचा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ आला आणि मेटलवाल्यांनी दिवाळी साजरी केली. कारण एकच: बँडचा गायक मिकाएल ओकरफेल्ट पुन्हा ग्रोल करू लागला होता. 2008 च्या ‘वॉटरशेड’नंतर स्टुडिओ अल्बमवर त्याचा तो पोटातून उसळणारा आवाज ऐकूच आला नव्हता. ‘ओपेथ घरी परतला’ असा गजर सुरू झाला. मधली सगळी वर्षं जणू वनवासाची होती! बँडच्या वाढीचा याहून उफराटा हिशेब सापडायचा नाही.

स्टॉकहोमच्या या बँडची नव्वदची वर्षं झटकन उरकली तरी चालतील. ‘ऑर्किड’वर (1995) डेथ मेटल आणि अकूस्टिक गिटार शेजारी-शेजारी राहतात, पण एकमेकांशी फारसं बोलत नाहीत.

ती बोलायला लागली 2001 मध्ये, ‘ब्लॅकवॉटर पार्क’वर. पॉर्क्युपाइन ट्री या बँडचा स्टीव्हन विल्सन निर्माता म्हणून आला आणि दणक्याइतकंच लक्ष गळ्यांच्या थरांकडे, पियानोकडे, दोन वाद्यांमधल्या मोकळ्या जागेकडे जाऊ लागलं. लगोलग ‘डिलिव्हरन्स’ (2002) आणि ‘डॅम्नेशन’ (2003) ही जोडी आली. पहिला अंगावर येणारा. दुसरा मेलोट्रॉन या कीबोर्डच्या धुक्यात बुडालेला, आणि त्यावर ग्रोल नावालाही नाही. तेव्हा कुणी गद्दारीची ओरड केली नाही. जड अर्धा भाग आधीच हातात पडला होता ना!

2005 च्या ‘घोस्ट रेव्हरीज’च्या वेळी पेर विबर्ग कीबोर्डवर कायमचा आला. मग माणसं गळू लागली: ड्रमर मार्टिन लोपेझ बाहेर पडला, 2007 मध्ये गिटारवादक पीटर लिंडग्रेनही. नव्या साथीदारांसह केलेल्या ‘वॉटरशेड’मध्ये सत्तरच्या दशकातल्या प्रोग रॉकची ओढ लपून राहत नाही. 2009 मध्ये आयआयटी मद्रासच्या कार्यक्रमात भारतीय चाहत्यांनी हाच टप्पा प्रत्यक्ष ऐकला. एप्रिल 2010 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँडने विसाव्या वर्षानिमित्त ‘ब्लॅकवॉटर पार्क’ अथपासून इतिपर्यंत वाजवला. त्या वाटेने आणखी पुढे जायला फारशी जागा उरली नव्हती.

म्हणून 2011 चा ‘हेरिटेज’. ग्रोल नाही, डेथ मेटल नाही. ‘डॅम्नेशन’ डोक्यावर घेणाऱ्यांनीच आता शिव्यांची लाखोली वाहिली. त्या वर्षीच्या दौऱ्यात ग्रोलची गाणीही गाळल्यावर तर राग आणखी भडकला. ‘हेरिटेज’ निर्दोष नव्हता. त्यातली काही गाणी ठिगळं जोडल्यासारखी वाटतात. पण टीकेचा रोख रचनेवर क्वचितच होता. आपल्याला हवा तो आवाज मिळाला नाही, एवढीच बहुतेकांची तक्रार होती.

पुढे ‘पेल कम्युनियन’, बराच पसरट ‘सॉर्सरेस’, आणि स्वीडिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघालेला ‘इन कॉडा व्हेनेनम’. रुसलेल्यांनी यांच्याकडे पाठ फिरवली. तंतुवाद्यांचा ताफा गाण्यात कसा मुरवायचा, हे बँड शिकला तो याच वर्षांत.

त्याचं फळ ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये दिसतं. त्याची गोष्ट अशी: पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एका श्रीमंत बापाचा मृत्यू, आणि मृत्युपत्र ऐकायला जमलेली तीन मुलं. सात गाण्यांना नावंच नाहीत, मृत्युपत्रातल्या कलमांसारखे नुसते क्रमांक आहेत. जेथ्रो टल या बँडचा इयन अँडरसन बासरी वाजवतो आणि निवेदनही करतो. ड्रमर वाल्टेरी वायरुनेनचा ओपेथसोबतचा हा पहिला अल्बम. ग्रोलला इथे पात्र मिळालं आहे: तो मेलेला बाप आहे. 2001 मध्ये तोच आवाज गाणं जड करण्यासाठी यायचा. आता तो ठरावीक ओळींपुरता येतो, हुकूम सोडतो आणि बाजूला होतो.

‘जुना ओपेथ’ म्हणून नाचणाऱ्यांना हा फरक ऐकायचा नाही. रिफ संपायच्या आत निकाल देणाऱ्या आजच्या श्रोत्याला मधली चार पदरी रचना म्हणजे अडगळ वाटते. अल्बमच्या शेवटी मात्र एकाच गाण्याला नाव आहे, ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’. सगळी इस्टेट जिच्या वाट्याला आली, ती मुलगी त्या बापाची नव्हतीच, असं त्यात एका पत्रातून कळतं. ओकरफेल्ट हे गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत साध्या, स्वच्छ गळ्याने गातो. ग्रोल त्यात एकदाही नाही.