पणजीत खाताना वाटाड्या हवाच!

लोहगावचा विमानतळ शेजारी असल्याने वाघोलीकरांना गोवा तसा जवळच. १८४३ साली पोर्तुगीजांची राजधानी झालेल्या पणजीतला फोंतेन्याश भाग मात्र पायीच फिरावा, तोही स्थानिक माणसाबरोबर. भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून कधी येतो, हे त्या स्थानिकालाच ठाऊक. पोदेराकडची कोंडा लावलेली पोई गरमच खावी. पूर्वी तिचे पीठ माडीने आंबवत, आता बहुधा यीस्टने. संध्याकाळी गाड्यावर रस-ऑम्लेट, म्हणजे रश्शातले ऑम्लेट. चोरीस-पावात डुकराचे मांस असते, चालत नसेल त्यांनी आधीच सांगावे. बेबिंका ही मिठाई म्हणजे मात्र सबुरीचे काम: नारळाचे दूध, अंड्याचा बलक, एक थर भाजला की मगच दुसरा. तिला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.