सिंथेटिक ऑइल घ्यावे की साधे?

लग्नसराई आणि कडक ऊन आपल्या यवतमाळ जिल्ह्यात एकदमच येतात. ढाणकीचा कापड व्यापारी नेमका याच दिवसांत गाठोडी भरून उमरखेड, हदगाव, नांदेडच्या रस्त्याला असतो. अशा वेळी इंजिन बसले तर मिस्त्रीचा खर्च बाजूलाच राहिला, सारा हंगाम हातचा जातो. म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांनी ऑइलचा हिशेब नीट समजून घ्यावा.

ऑइल फक्त वंगणाचे काम करीत नाही. पिस्टनच्या खालच्या भागाची आणि बेअरिंगची उष्णताही तेच वाहून नेते. रेडिएटरचे पाणी तेथे पोहोचत नाही. चालत्या गाडीत ऑइल साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअस असावे. १२०-१३० च्या पुढे साधे खनिज ऑइल झपाट्याने खराब होते, घट्ट होऊन गाळ धरते. ठोकताळा असा की, दर १० अंशांना ही खराबी जवळपास दुप्पट वेगाने होते. डॅशबोर्डवरचा काटा मात्र पाण्याचा असतो, ऑइलचा नव्हे. भरली गाडी चढावर असताना काटा मध्यावर दिसला तरी ऑइल बरेच तापलेले असू शकते. ऑइल न तापणेही वाईटच. घर ते दुकान एवढीच फेरी असेल तर आतली वाफ व कच्चे पेट्रोल ऑइलमध्येच मुरते.

तापमान सांभाळण्याचे निम्मे काम फुकटात होते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी; पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर तेवढेच ऑइल पुन्हा पुन्हा तापते. जास्त भरले तर क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ व किडे काढावेत. टर्बो गाडी दूरवरून आल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावी.

आता सिंथेटिक. आपल्या धंद्यात सिंथेटिक म्हटले की गिऱ्हाईक सुतीपेक्षा हलका माल समजते. ऑइलमध्ये उलटे आहे. त्याचे रेणू एकसारखे असल्याने ते उष्णतेत टिकते आणि सकाळी थंड इंजिनात लवकर पोहोचते. किंमत मात्र बहुधा दुप्पट किंवा त्याहून जास्त.

डब्यावरील ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यूजवळचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, दुसरा १०० अंशांवरचा घट्टपणा. ऊन आहे म्हणून मनानेच घट्ट ऑइल ओतू नये. नव्या इंजिनातील फटी बारीक असतात. गाडीच्या पुस्तिकेत ३० आणि ४० दोन्ही चालत असतील तरच उन्हाळ्यासाठी ४० घ्यावे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाडीत धुराची जाळी असेल तर पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचेच ऑइल लागते.

माझे मत सरळ आहे. टर्बो गाडी, रोजचा लांब पल्ला, भरपूर माल, यासाठी सिंथेटिकचे पैसे वसूल होतात. पुस्तिकेने सिंथेटिक सांगितले असेल तर प्रश्नच नाही. पण ऑइल गळणाऱ्या किंवा पिणाऱ्या जुन्या गाडीला आधी दुरुस्ती करावी. तिला साधे ऑइल वेळेवर बदलणे परवडते. सिंथेटिक म्हणजे कायमचे, हा समज चुकीचा. धूळ, ओझे आणि छोट्या फेऱ्या यांना पुस्तिकेतच कठीण वापर म्हणतात, आणि त्यासाठी बदलीचे किलोमीटर कमी दिलेले असतात. ऑइलबरोबर फिल्टरही बदलावा.

डबा सीलबंद व पक्क्या बिलावर घ्यावा, रिकामा झाल्यावर फोडून टाकावा. त्यातच नकली माल भरला जातो. आणि उरलेले कारचे ऑइल मोटारसायकलीत घालू नये, तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो व घसरू लागतो.