विकतची असाइनमेंट : परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी काय ओळखून असावे?

महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ७५ जागा आहेत. केंद्राच्या शिष्यवृत्तीवर किंवा कर्ज काढून जाणारे वेगळे. यांतील अनेक जण घरातून परदेशी जाणारे पहिलेच असतात. निवड झाली की वस्तीत बॅनर लागतो, विहारात सत्कार होतो. पण तिकडे गेल्यावर दीड-दोन महिन्यांत पहिली असाइनमेंट समोर येते, तेव्हा विचारायला जवळ कोणी नसते. नेमक्या त्याच वेळी व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून मेसेज येतो : ‘असाइनमेंट हेल्प हवी आहे का? शंभर टक्के ओरिजिनल. पास होण्याची हमी.’ या मेसेजमागे काय आहे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

हा धंदा चालतो कसा?

पैसे देऊन दुसऱ्याकडून अभ्यासक्रमाचे काम करून घेण्याला इंग्रजीत ‘कॉन्ट्रॅक्ट चीटिंग’ म्हणतात. रॉबर्ट क्लार्क आणि थॉमस लँकेस्टर या इंग्लंडमधील दोन संशोधकांनी २००६ मध्ये हा शब्द रूढ केला. विद्यार्थी विषय, शब्दसंख्या आणि मुदत कळवतो. मुदत जितकी जवळ, तितका दर जास्त. वेबसाइट किंवा दलाल ते काम लेखकाला देतो आणि मधला मोठा हिस्सा स्वतः ठेवतो. हे लेखक बहुतेकदा गरीब देशांतील शिकलेले बेरोजगार असतात. केनियातील नैरोबी हे त्याचे मोठे केंद्र मानले जाते. भारतातही असे काम करणारे आहेत. म्हणजे एका देशातील पदवीधराला नोकरी नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या पदवीसाठी लिहितो. नाव एकाचे, श्रम दुसऱ्याचे आणि नफा तिसऱ्याचा. श्रमाची ही वाटणी आपल्याला नवीन नाही.

मुले याकडे का वळतात?

केवळ आळस हे त्याचे कारण नाही. आपल्याकडे मुख्य भर लेखी परीक्षेवर असतो. जर्नल एकमेकांचे पाहून उतरवायचे, प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानातून तयार आणायचा, गाईडमधील उत्तर पाठ करायचे, हे सगळ्यांना माहीत असते आणि कोणी अडवतही नाही. तिकडे मात्र दोन-तीन हजार शब्दांत स्वतःचा युक्तिवाद मांडावा लागतो. प्रत्येक विधानाला संदर्भ द्यावा लागतो. हे कसे करायचे, ते आधी कोणी शिकवलेले नसते. त्यात खर्च भागवण्यासाठी काम करावे लागते. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. रात्रीची शिफ्ट करून सकाळी वर्गात बसणाऱ्याला तो मेसेज आधार वाटतो. घरी सांगायची सोय नसते, कारण गावाने सत्कार केलेला असतो.

कायदा काय म्हणतो?

ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये वृत्तपत्रांनी अशा एका वेबसाइटचा मोठा व्यवहार उघड केला. तेथे २०२० मध्ये कायदा झाला. पैसे घेऊन अशी सेवा पुरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आयर्लंडने २०१९ मध्ये, तर इंग्लंडने २०२२ मध्ये अशी सेवा देणे आणि तिची जाहिरात करणे गुन्हा ठरवले. हे कायदे विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवत नाहीत. पण विद्यापीठाचे नियम त्याला सोडत नाहीत. विषयात नापास करण्यापासून विद्यापीठातून काढून टाकण्यापर्यंत शिक्षा होते. ब्रिटनमध्ये प्रवेश रद्द झाला की विद्यापीठाला ते गृह खात्याला कळवावे लागते आणि व्हिसाही जातो. पदवी गेली तरी कर्जाचे हप्ते राहतातच.

आपल्याकडे यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक नियम आहेत. त्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर जुळला तर टप्प्याटप्प्याने शिक्षा आहे. ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. पण हे मोजमाप जुळणाऱ्या मजकुराचे आहे. विकत घेतलेला लेख नव्याने लिहिलेला असतो, त्यामुळे तो सॉफ्टवेअरमधून सुटू शकतो. दलाल ‘ओरिजिनल’ म्हणतात ते याच अर्थाने.

मग पकडले कसे जातात?

वर्गातील लेखन आणि घरून आणलेले लेखन यांची भाषा वेगळी दिसते. संदर्भसूचीत नसलेली पुस्तके सापडतात. फाइलच्या माहितीत दुसऱ्याचे नाव निघते. शंका आली की प्राध्यापक समोर बसवून विचारतात : हा मुद्दा कुठून आला? स्वतः न लिहिणाऱ्याला तेथे उत्तर देता येत नाही.

याहून मोठा धोका खंडणीचा आहे. दलालाकडे तुमचे नाव, विद्यापीठ, चॅट आणि पैसे दिल्याचा पुरावा असतो. काही वेळा तर विद्यापीठाचा पासवर्डही असतो. ‘आणखी पैसे दे, नाहीतर विद्यापीठाला कळवतो’ अशा धमक्यांबाबत ऑस्ट्रेलिया व ब्रिटनमधील शिक्षण यंत्रणांनी विद्यार्थ्यांना सावध केले आहे. पदवी मिळून नोकरी लागल्यावरही धमकी येऊ शकते.

काय करावे?

मुदत गाठता येत नसेल तर मुदतीपूर्वीच लेखी मुदतवाढ मागा. आजारपण, घरातील मृत्यू अशा कारणांसाठी विद्यापीठांत वेगळी तरतूद असते. लेखन शिकवणारा विभाग आणि ग्रंथालयाची मदत बहुतेक ठिकाणी मोफत मिळते. कच्चा मसुदा घेऊन तेथे जाण्यात कमीपणा नाही. एआयचा वापर किती चालतो, हे प्रत्येक विषयाच्या नियमात पाहा. कोणी धमकावत असेल तर पुन्हा पैसे देऊ नका, चॅट जपून ठेवा आणि विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्राशी बोला.

बाबासाहेबांचा लंडनमधील डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला होता. त्यांनी मुंबईतून तो सुधारून पुन्हा पाठवला आणि १९२३ मध्ये पदवी मिळवली. प्रबंध परत येणे हा शिक्षणाचाच भाग आहे, हे मुलांना निघण्यापूर्वी सांगायला हवे.

आपल्या संस्था शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देतात, ते मोलाचे काम आहे. त्यासोबत जाण्यापूर्वी दोन-तीन निबंध लिहून घ्यावेत, संदर्भ कसे द्यायचे ते शिकवावे आणि आधी गेलेल्या एखाद्या ताईचा किंवा दादाचा नंबर द्यावा. आणि पालकांनी फोनवर ‘मार्क किती पडले?’ याआधी ‘जमतंय का?’ एवढे जरूर विचारावे.