आपलं आपण लिहून ठेवावं का?

“आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय आहे?” असं म्हणणारी माणसं सातारा-सांगलीकडे घरोघरी भेटतात. याच मुलखातल्या माणसांनी या प्रश्नाचं उत्तर लिहून दिलेलं आहे.

वाचणारं कुणी नसताना

फलटणच्या बेबीताई कांबळे नवऱ्याबरोबर वस्तीत छोटं दुकान चालवायच्या. माल बांधायला आलेल्या रद्दीतलं छापील ते सगळं वाचायच्या आणि नवरा बाहेर गेला की दुकानात बसून लिहायच्या. लिहिलेलं घरच्यांच्या हाती लागू नये म्हणून वीसेक वर्षं त्यांनी ते लपवून ठेवलं. फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांना ते कळलं आणि त्यांनी छापण्याचा आग्रह धरला. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आलं, १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघालं आणि २००८ साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. आधी वाचक मिळू दे, मग लिहिते, असं त्या म्हणाल्या असत्या तर आपल्या हाती काहीच लागलं नसतं.

काय लिहावं

बेबीताईंनी लिहिलंय, सरपण विकायला गेलेल्या महार बाईला मोळीतली काडी न् काडी तपासावी लागे. तिचा केस किंवा लुगड्याचा धागा अडकून गेला तर घेणाऱ्याचं घर बाटायचं! या एका तपशिलातून शिवाशिव जशी अंगावर येते, तशी ती भाषणांतून येत नाही. फलटण तालुक्यातलेच लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’ या आत्मकथनात गाढवावर बिऱ्हाड लादून हिंडणारं, टोपल्या विणून पोट भरणारं कैकाडी कुटुंब मांडलं. ‘उपरा’ला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मोठ्या घटना नसल्या तरी चालतात. रोजचं काम, खाणं, भांडणं, उधारी नेमकेपणानं आली पाहिजेत. दुसऱ्याच्या घरातलं खासगी मात्र विचारल्याशिवाय लिहू नये.

पुराची नोंद

२०१९ साली सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. हा आकडा सरकारदरबारी आहे. पाणी आपल्या जिन्याच्या कितव्या पायरीला किती वाजता लागलं, हे त्या घरानंच लिहायचं. २००५ च्या पुरात पाणी इथवरच आलं होतं, या भरवशावर २०१९ ला अनेक जण घरात थांबले आणि अडकले. पुढच्या पिढीला दोन्ही खुणा तारखेसह मिळायला हव्यात.

उशीर केला तर

देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांनी आत्मचरित्राचे तीन खंड योजले होते. ‘कृष्णाकाठ’ १९८४ साली आला, तो १९४६ पर्यंत येऊन थांबतो. १९८४ च्याच २५ नोव्हेंबरला ते गेले. मुख्यमंत्रिपद, १९६२ नंतरचं संरक्षणखातं, हे सगळं पुढच्या खंडांत यायचं होतं. म्हणून पहिल्यापासून क्रमानं लिहायच्या नादी लागू नये. जे आज लख्ख आठवतंय ते आजच्या तारखेनं लिहावं, गावाचं नाव घालावं आणि वही कुठे आहे ते घरात एकाला तरी सांगून ठेवावं.